माझं नाव गोठवावं, ही विनंती

झेरॉक्सच्या दुकानात अक्का आल्या की दुकानदार हातातलं काम खाली ठेवायचा. दुसरं काही करणं शक्यच नसायचं. अक्का काउंटरच्या अलीकडे थांबत नसत. फळी उचलून थेट मशीनपाशी जाऊन उभ्या राहत, आणि कागद काचेवर ठेवल्यापासून तो परत हातात येईपर्यंत त्यांची नजर हलत नसे.

"किती काढलास?"

"दोन, अक्का."

"तीनदा उजेड पडला."

आणि खरंच, तिरकी आलेली एक प्रत खालच्या टोपलीत पडलेली असायची. ती वाकून उचलायची, चार घड्या करून पिशवीत घालायची, घरी येऊन बादलीत भिजत टाकायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हातानं कालवून तिचा लगदा मागच्या कढीलिंबाच्या बुंध्याशी घालायचा, हा त्यांचा नेम. "आमच्या कढीलिंबाला यजमानांचा पॅन नंबर पाठ झालाय," असं त्या अजिबात न हसता सांगत.

नीट आलेल्या प्रतींवर त्या लाल पेननं एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत लिहीत, आधी मराठीत आणि खाली कानडीत: 'ही प्रत फक्त गॅसच्या जोडणीसाठी. दुसऱ्या कशाला वापरेल तो चोर.' खाली तारीख आणि सही. एकदा बँकेतली मुलगी म्हणाली, "मॅडम, असं लिहिलेलं चालत नाही." अक्कांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. "का गं? तू दुसऱ्या कशाला वापरणार आहेस?" मुलीनं गुपचूप कागद घेतला.

चामराजपेटात अक्कांच्या घराच्या वरच्या खोलीत मी चार वर्षं राहिले. मी नागपूरची. बंगळुरात नोकरीला आले ती थेट व्हाइटफील्डला, आणि पहिली तीन वर्षं तिथंच एका फ्लॅटमध्ये दुसऱ्या एका मुलीबरोबर काढली. ती वर्ध्याची. मला ताप आला तर रजा टाकून बसणारी, माझ्या आईला रविवारी माझ्याआधी फोन करणारी. फ्लॅटचा करार, गॅस, इंटरनेट, सगळं तीच बघायची. तिची नोकरी गेली, ती निघून गेली, आणि एकटीला तिथलं भाडं झेपेना. ऑफिसला आठवड्यातून दोनच दिवस जायचं होतं. कुणीतरी अक्कांचं घर सुचवलं. "मराठीच आहेत, पण जुन्या. आणि जरा विचित्र."

जुन्या म्हणजे किती जुन्या ते अक्कांनाही ठाऊक नव्हतं. "आमचे पूर्वज घोड्यावरनं आले म्हणतात. मी बसनं फिरते." त्यांची मराठी कानडीत बुडवून काढलेली. मी खोली बघायला गेले तेव्हा सवयीनं आधारची प्रत पुढं केली. अक्कांनी ती हातात घेतली नाही. दोन्ही हात मागं नेले, जणू मी त्यांना उष्टं ताट देत होते.

"पूर्ण नंबर?"

"हो, म्हणजे... लागतो ना?"

"पहिले आठ आकडे झाकलेलं मिळतं की. ते घेऊन ये. शिकलेली मुलगी, आणि असं नागडं कार्ड घेऊन गावभर फिरतीस?"

मी ऑनलाइन जाऊन आकडे झाकलेलं आधार काढलं. असं काही असतं हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी ते घेतलं, त्यावर 'फक्त वरच्या खोलीसाठी' असं स्वतः लिहिलं, माझ्याकडून सही करून घेतली, आणि मगच कॉफी टाकली.

त्यांची जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती. विचारलं की म्हणायच्या, "वाटायचीच असेल तर चिरोटी वाटावी, जन्मतारीख कसली वाटायची?" पार्सलच्या खोक्यावरचा पत्ता त्या पाणी लावून खरवडून काढत. आधारवरचा अंगठा त्यांनी मोबाईलवरून लॉक करून ठेवला होता, म्हणजे तो कुठल्या यंत्रावर ठेवला तरी चालायचा नाही. यजमानांच्या पश्चात मिळणाऱ्या पेन्शनसाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागे, तेवढ्यापुरता उघडायचा. "आज अंगठा उघडतोय, लवकर चल," म्हणून मला घेऊन जायच्या, आणि काम झालं की त्या केंद्राच्या पायरीवरच उभं राहून परत बंद करायच्या.

सगळ्यांत मोठा सोहळा क्रेडिट रिपोर्टचा. कुणाच्या नावावर कुठलं कर्ज आहे याची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट मिळतो. अक्कांनी ते चार सणांना वाटून दिले होते: उगादी, गणपती, दिवाळी, संक्रांत. सणाचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्टचं वाचन. मी लॅपटॉपवर काढून द्यायचा, त्यांनी पडद्यावर फूटपट्टी धरून ओळ न ओळ वाचायची. आयुष्यात त्यांनी एक मिक्सर हप्त्यानं घेतला होता. रिपोर्टमध्ये तेवढीच एक ओळ. तरी अर्धा तास.

अमेरिकेत आपला रिपोर्ट गोठवून ठेवता येतो, म्हणजे आपण तो उघडल्याशिवाय आपल्या नावावर नवीन कर्ज निघणं अवघड, हे मला अक्कांनी सांगितलं. मी एका अमेरिकन बँकेचं सॉफ्टवेअर लिहीत होते आणि मला ते माहीत नव्हतं. "तिकडं होतं, तर इकडं का नाही?" असं म्हणत त्या दरवर्षी चारही कंपन्यांना रजिस्टर्ड पोस्टानं पत्र पाठवत. मजकूर एकच: 'माझं नाव गोठवावं, ही विनंती.' त्यांतल्या दोन कंपन्यांची उत्तरं यायची, छापील, भलत्याच विषयावरची. अक्का ती फाईलला लावायच्या.

मी हसायचे. आईला फोनवर किस्से सांगायचे. आईसुद्धा हसायची.

मग मला नवीन नोकरी लागली. पगार जवळजवळ दीडपट, काम मनासारखं. जुन्या ठिकाणी राजीनामा देऊन झाला होता, शेवटचा आठवडा चालू होता. दुपारी नव्या कंपनीच्या एचआरमधून फोन आला. आवाज फार नम्र होता.

"तुमच्या व्हेरिफिकेशनमध्ये थकीत कर्जं दिसतायत. तीन. आमचा क्लायंट बँक आहे, त्यामुळे... तुम्ही खुलासा देईपर्यंत जॉइनिंग होल्डवर ठेवतोय."

मी म्हटलं, चूक आहे. मी आयुष्यात कर्ज घेतलेलं नाही. ती म्हणाली, "नाव, पॅन, जन्मतारीख, सगळं तुमचंच आहे, मॅम."

फोन ठेवल्यावर मी तशीच जिना उतरले. अक्का खाली शेंगा सोलत होत्या. मी कसंबसं सांगितलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, बघ, मी सांगत होते. त्यांचा चेहरा एकदम राखेसारखा झाला. ताट बाजूला सरकवलं, पदराला हात पुसले.

"रडायचं उद्या. आज रिपोर्ट काढ."

फूटपट्टी आली. एक मोबाईलचं कर्ज, दोन वैयक्तिक. चार वर्षांपूर्वी सुरू झालेली, वर्षभर हप्ते भरलेले, मग बंद. फोन नंबर माझा नव्हता. ईमेल माझा वाटावा असा, एका अक्षराचा फरक असलेला. आणि शेवटचा नोंदवलेला पत्ता होसकोट्याचा. बंगळुराच्या पूर्वेला, कारखान्यांच्या त्या गावात मी एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं. तरीही तिथं माझ्या नावाची एक बाई होती, माझ्याच जन्मतारखेची. तिनं नवा फोन घेतला होता आणि ती कर्जबुडवी म्हणून नोंदली गेली होती.

त्याच संध्याकाळी आम्ही सायबर पोलिसांकडे तक्रार दिली, अनोळखी व्यक्तीविरुद्ध. रिपोर्टवाल्या कंपनीकडं 'ही कर्जं माझी नाहीत' म्हणून हरकत नोंदवली. दुसऱ्या दिवशी तक्रारीची पावती घेऊन कर्ज देणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथला माणूस बोलायला तयार नव्हता. अक्कांनी त्याच्या समोरच्या खुर्चीत बसून घेतलं. "पोलिसांची पावती आहे. ही इथं जिवंत उभी आहे. तू कर्ज कुणाला दिलंस ते तरी बघ की."

त्यानं फाईल उघडली आणि पडदा आमच्याकडं वळवला. माझं आधार, माझा पॅन, आणि कर्ज घेताना काढलेला फोटो.

आधारवरचा माझा फोटो इतका काळवंडलेला आहे की त्यात मी आहे की आणखी कुणी, हे मलाही सांगता येत नाही. पण हा नवीन फोटो स्वच्छ होता. तिनं केस माझ्यासारखे मागं बांधले होते, अंगात माझा हिरवा कुर्ता होता. फ्लॅट सोडताना तो सापडला नव्हता आणि धोब्यानं हरवला म्हणून मी त्याच्याशी भांडले होते.

ती वर्ध्याची होती. माझी मैत्रीण.

"ओळखतीस?" अक्कांनी हळूच विचारलं.

मी मान हलवली. नाही म्हणून.

का नाही म्हटलं ते आजही मला नीट सांगता येत नाही. रस्त्यावर आलो आणि मी बोलले. "अक्का, ती माझ्या तापात जागली आहे हो. तिला अडचण असेल. मी नाव नाही देत. हरकत नोंदवली आहे, होईल साफ."

अक्का फुटपाथवर मध्येच थांबल्या. बाजूनं रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. त्यांनी स्वतःचा उजवा अंगठा माझ्यासमोर धरला.

"माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दहा वर्षं झाली. गुंगीत होते. उशाला मुलगा बसला होता, माझा मुलगा, एकुलता एक. आई, अंगठा दे, विम्याचं आहे, म्हणाला. त्यानंच माझा हात उचलून यंत्रावर ठेवला. मला आठवतंय, काच गार लागली. त्या अंगठ्यावर सिम काढलं, सिमवर कर्जं काढली. घरी नोटीस आली तेव्हा कळलं."

"मग?"

"घरापुढची आमची दोन दुकानं विकली, फेडलं. कुणाला बोलले नाही. पोटचा पोरगा, काय बोलणार? आठ महिन्यांनी त्यानं तेच माझ्या धाकट्या बहिणीला केलं. वसुलीवाले तिच्या दारात उभे राहून ओरडायचे, सगळी गल्ली ऐकायची. तिच्या नवऱ्याला ते सोसलं नाही. त्याच वर्षी गेला. त्यामुळं गेला असं डॉक्टर म्हणणार नाहीत. मी म्हणते."

चार वर्षं मी त्या बाईच्या फूटपट्टीला हसत होते. मुलगा आता कुठं असतो, एवढंच विचारलं.

"दुबईत. दसऱ्याला फोन येतो. मी उचलते. बोलत नाही."

नाव देण्याआधी मला तिला एकदा बघायचं होतं. अक्का नको म्हणाल्या नाहीत. "सरी, बरं. मी येते," एवढंच.

होसकोट्याला बसनं गेलो. पत्ता खरा होता. औद्योगिक वसाहतीजवळच्या चाळीसारख्या इमारतीत दुसरा मजला. तिनंच दार उघडलं. मला बघून आधी तिच्या चेहऱ्यावर खरा आनंद आला, अगदी क्षणभर. मग तो विझला.

"तू इथं कशी काय आली?"

"माझ्या नावावरचा पत्ता आहे हा," मी म्हटलं.

ती आत सरकली. आम्ही आत गेलो. एक पलंग, एक टेबल, त्यावर डबा आणि एक जाडजूड फाईल. ती रडेल, पाया पडेल, नाकारेल, अशी मी सगळी तयारी केली होती. यातलं तिनं काहीच केलं नाही. भाजी कशानं करपली ते सांगावं तसं सांगितलं.

"नोकरी गेली तेव्हा माझ्या नावावर कोणी देईना. माझं आधीच खराब झालं होतं. तुझी कागदं होती माझ्याकडं, कराराची. ओटीपी तुझ्या फोनवर यायचे, तू आंघोळीला गेली की बघून घ्यायचे. तुझं नाव एकदम स्वच्छ होतं गं. तू तर ते वापरतच नव्हती. नुसतं पडून होतं."

"पडून होतं?"

"वर्षभर भरले ना मी हप्ते. भरतच होते. मग नाही जमलं."

माझी नोकरी अडकली आहे, मी घरी काय सांगू, हे सगळं विचारायचं होतं. ते राहूनच गेलं. अक्का टेबलापाशी उभ्या होत्या. त्यांनी फाईलला हात लावला नव्हता, नुसती वाकून बघत होत्या. उघड्या पानावर एका मुलीच्या आधारची प्रत होती. तिच्याखाली दुसरीची, तिच्याखाली तिसरीची.

"या कोण?"

"ऑफिसच्या आहेत. कारखान्यात नवीन लागलेल्या मुली. मी अ‍ॅडमिनमध्ये आहे, जॉइनिंगचे कागद मीच घेते."

"ऑफिसचे कागद घरी कशाला आणतीस?"

ती खिडकीतून बाहेर बघायला लागली. मी तिच्याकडं बघत राहिले. मला वाटत होतं तिनं हे फक्त मला केलं, आमच्या मैत्रीतलं काहीतरी बिघडलं म्हणून. तिच्यापुढं मी फक्त पहिला कागद होते.

खाली उतरून आम्ही पोलिसांना फोन केला. नाव मीच सांगितलं. आडनावासकट. पुढं कळलं, त्या फाईलमधल्या दोन मुलींच्या नावावर कर्जं निघालेलीही होती. एकोणीस-वीस वर्षांच्या, नुकत्याच गाव सोडून आलेल्या. त्यांना रिपोर्ट म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. त्यांच्या हरकतींचे अर्ज अक्कांनी बसून भरून दिले.

माझं नाव साफ व्हायला चार महिने लागले. ती नोकरी तोपर्यंत थांबली नाही. पुढं दुसरी मिळाली, कमी पगाराची. त्याचं दुःख व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही, कारण होसकोट्याहून परतताना बसमध्ये अक्का जे म्हणाल्या, त्यात मी अजून अडकलेली होते.

बस खड्ड्यांतून उसळत होती. अक्कांनी पुढच्या सीटचा दांडा धरला होता. मग म्हणाल्या, "परवा माझ्याबरोबर एका ठिकाणी येशील? तू जवळ असलीस तर मी मधूनच परत फिरणार नाही."

त्यांची बहीण चामराजपेटातच राहत होती, तीन रस्ते पलीकडं. नऊ वर्षांत दोघी बोलल्या नव्हत्या. त्या सकाळी अक्कांनी इस्त्रीची साडी नेसली. बहिणीनं लाकडी दार उघडलं, पण बाहेरची लोखंडी जाळी बंदच ठेवली. अक्कांपेक्षा बारीक, पांढऱ्या केसांची, तशाच कपाळाची बाई. ती मला कोण म्हणूनही विचारेना.

अक्कांनी नमस्कार वगैरे काही केलं नाही. शाळेत पाठ म्हणून दाखवावा तसं एका दमात बोलल्या.

"तू मला फोन केला होतास. माझा मुलगा कागद मागतोय, अंगठा मागतोय, देऊ का, असं विचारलंस. त्याच्याआधी आठ महिने त्यानं मला बुडवलं होतं. मला सगळं माहीत होतं. तरी मी तुला म्हटलं, दे की, आपलाच पोरगा आहे."

हे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं. पोरानं दोघींना फसवलं, एवढंच मी धरून चालले होते. बहिणीनं विचारलं होतं, आणि या बाईनं लाजेपायी हो म्हटलं होतं. तो चष्मा, ती फूटपट्टी, ते भिजवलेले कागद, सगळं त्या एका 'दे'नंतरचं होतं.

रस्त्यावरून फुलवाली ओरडत गेली.

"तू लगेच 'दे' म्हणाली नव्हतीस," बहीण शेवटी म्हणाली. "मी विचारलं तेव्हा तू स्वल्प थांबलीस. फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. तुझ्यासारखी बाई उत्तर द्यायला थांबत नाही. तेव्हाच मला कळलं होतं, काहीतरी आहे."

अक्कांनी मान वर केली.

"कळलं होतं आणि तरी दिला मी अंगठा," बहीण म्हणाली. "तुला वाईट वाटू नये म्हणून."

अक्कांनी जाळीतून हात आत घातला. बहिणीनं तो धरला नाही. पण दारही लावलं नाही. दोघी तशाच समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि थोड्या वेळानं मी एकटीच रस्त्यावर येऊन थांबले.